सल्ला: कुत्र्याने चॉकलेट खाल्लं आणि दवाखाना दीड तासावर

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून आलेलं हे पत्र, थोडं आटोपशीर करून:

«गणपतीत धाकटे दीर मुंबईहून आले ते चॉकलेट मोदकांचा डबा घेऊन. २१ मोदक, डब्यावर वजन ३१५ ग्रॅम आणि ‘मिल्क कंपाऊंड’ (वनस्पती चरबी घालून केलेलं दुधाचं चॉकलेट) असं लिहिलेलं. संध्याकाळची आरती आठला झाली, आम्ही बायका मागीलदारी भांडी घासत होतो, तेवढ्यात आमच्या टिप्याने पाटावरचा डबा ओढून १२ मोदक खाल्ले. टिप्या गावठी, चार वर्षांचा, १२ किलोचा. खाऊन झाल्यावर शेपूट हलवत हिंडत होता, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. शेजारच्या काकांनी मिठाचं पाणी पाजायला सांगितलं, ते पाजलं, पण उलटी काही झाली नाही. रात्री एकच्या सुमारास तो धापा टाकायला लागला. तीनदा ओकला, कधी नव्हे ते दोनदा घरात मुतला, पहाटेपर्यंत एका जागी बसला नाही. दवाखाना चिपळूणला, आमच्याकडून दीड तास, आणि त्या रात्री पाऊस तर मी म्हणत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिप्या आपसूक शांत झाला, आता बरा आहे. पण हे विष होतं की नुसतं अपचन? मिठाचं पाणी पाजलं ते बरोबर की चूक? न्यायलाच हवं होतं का? आणि दिवाळीत माझ्या जाऊबाई घरी चॉकलेटं करून विकतात, तेव्हा घरात कंपाऊंडच्या लाद्या आणि कोको पावडर असते. त्याची काय काळजी घ्यावी?»

ताई, ते अपचन नव्हतं, विषबाधाच होती. मोदक मिल्कचे होते म्हणून टिप्या एका रात्रीच्या त्रासावर सुटला. तेच १२ मोदक डार्क चॉकलेटचे असते, तर त्या रात्री त्याला आकडी येऊ शकली असती.

कोकोच्या बियांत थिओब्रोमिन नावाचं द्रव्य असतं, जोडीला थोडं कॅफीन. आपल्या शरीरात थिओब्रोमिन सात-आठ तासांत निम्मं होतं. कुत्र्याच्या शरीरात त्याला साडेसतरा तासांच्या आसपास लागतात. म्हणजे रात्री आठला खाल्लेल्या मोदकांतलं निम्मं थिओब्रोमिन दुसऱ्या दिवशी दुपारी दीडलाही टिप्याच्या अंगात फिरत होतं. ते हृदयाचे ठोके वाढवतं, मज्जासंस्थेला डिवचतं आणि लघवी वाढवतं. टिप्या घरात मुतला तो याचमुळे, त्यात त्याचा दोष नव्हता.

लक्षणं साधारण ६ ते १२ तासांत दिसतात; बेचैनी आणि उलटी कधी दोन-चार तासांतही सुरू होते. मोठी मात्रा असेल तर त्रास ७२ तासांपर्यंत रेंगाळू शकतो. तुमच्याकडे घडलं तेच बहुतेक घरांत घडतं: कुत्रा ठणठणीत दिसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि रात्री धावपळ सुरू होते. खरं तर कुत्रा ठणठणीत दिसतो तेच पहिले दोन तास उपचाराचे असतात, कारण विष तेव्हा बरंचसं पोटातच असतं, सगळं रक्तात गेलेलं नसतं. त्या दोन तासांत निर्णय करायचा तो कुत्र्याच्या तोंडाकडे बघून नाही, हिशेबाने.

हिशेबाला तीन गोष्टी लागतात: कुत्र्याचं वजन, चॉकलेटचा प्रकार आणि किती ग्रॅम गेलं. एका ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये सुमारे २ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं. साध्या डार्कमध्ये ५ मिलिग्रॅमच्या आसपास, ७० टक्क्यांवरच्या कडू डार्कमध्ये ८ पर्यंत. बिनसाखरेच्या कोको पावडरीत २० ते २८. पांढऱ्या चॉकलेटमध्ये जवळजवळ नाहीच; तिथे भीती फक्त तुपकटपणाची. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम पोटात गेलं की ओकाऱ्या, जुलाब, तहान आणि बेचैनी सुरू होते. ४० ते ५० ला हृदयाची लय बिघडू लागते, ६० च्या पुढे आकडी येऊ शकते, आणि १०० ते २०० च्या दरम्यान कुत्रा दगावू शकतो.

आता तुमच्या डब्याचा हिशेब करू. ३१५ ग्रॅमला २१ मोदक, म्हणजे मोदक १५ ग्रॅमचा. १२ मोदक म्हणजे १८० ग्रॅम. मिल्क म्हणून दुणे केलं तर ३६० मिलिग्रॅम, भागिले १२ किलो, म्हणजे किलोमागे ३०. ओकाऱ्या, धापा, बेचैनी, भरपूर लघवी हे सगळं या आकड्याला साजेसंच आहे. डार्क असते तर १८० गुणिले ५ म्हणजे ९०० मिलिग्रॅम, किलोमागे ७५.

दर वेळी एवढं गणित नको असेल तर १०, ४, १ हे तीन आकडे पाठ करा. कुत्र्याच्या एका किलोमागे मिल्क चॉकलेट १० ग्रॅम, डार्क ४ ग्रॅम, कोको पावडर १ ग्रॅम: एवढ्याला २० मिलिग्रॅमची वेस लागते. टिप्यासाठी ही वेस मिल्कची १२० ग्रॅमवर, डार्कची ४८ वर आणि कोको पावडरीची १२ ग्रॅमवर, म्हणजे सपाट भरलेल्या दोन मोठ्या चमच्यांवर आहे. याच्या दुप्पट म्हणजे हृदयाला धोका, तिप्पट म्हणजे आकडीची भीती. ५ किलोच्या पॉमेरियनला ५० ग्रॅम मिल्क पुरतं, तर २५ किलोच्या लॅब्रॅडॉरला २५० लागतं. ७० टक्क्यांवरचं डार्क असेल तर चाराच्या जागी अडीच धरा.

वेशीच्या निम्म्याहून कमी गेलं असेल आणि कुत्रा तरुण, निरोगी असेल तर घरी लक्ष ठेवलं तरी चालतं. निम्म्याच्या वर असेल तर लगेच डॉक्टरांना फोन, वेशीशी पोचलं असेल तर जायची तयारी, आणि दुप्पट असेल तर फोन करत करतच निघायचं. म्हातारा, हृदयाचा किंवा फेफऱ्याचा आजार असलेला कुत्रा, गाभण कुत्री, लहान पिल्लू यांच्यासाठी वेस निम्मी धरा. नक्की किती खाल्लं ते कळत नसेल तर डब्यातलं जे सापडत नाही ते सगळं पोटात गेलं असं समजा. घरात दोन कुत्रे असतील तर वाटणी करू नका, प्रत्येकाने सगळं खाल्लं असं धरून हिशेब करा. हलवायाकडच्या खव्याच्या चॉकलेट मोदकात कोको पावडर किती घातली हे डब्यावर लिहिलेलं नसतं. रंग गडद असेल तर ते डार्कच्या हिशेबात टाका. दुधात घालायच्या गोड चॉकलेटी पावडरीत मुख्यतः साखर आणि माल्ट असतं, ती आणि कोको पावडर एक नव्हे.

वजन मात्र आधीच माहीत हवं, आणि तुम्हाला ते होतं ही फार चांगली गोष्ट. ज्यांना माहीत नाही त्यांनी आंब्याच्या पेट्या तोलायच्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून स्वतः उभं राहावं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करून आकडा फडताळाच्या दाराच्या आत लिहून ठेवावा. रात्री अकरा वाजता घाबरलेल्या कुत्र्याला कुणी तोलू शकत नाही.

फोन करताना पाच गोष्टी हाताशी ठेवा: वजन, चॉकलेटचा प्रकार, ग्रॅम, खाल्ल्याची वेळ, आणि आता कसा दिसतो. डबा, कागद, चांदी (चकचकीत वेष्टन) फेकू नका, सोबत न्या. दवाखान्याला नुसतं ‘येऊ का’ विचारू नका. कुत्र्याला इंजेक्शनने उलटी करवायची सोय आहे का, रात्रभर सलाईनवर ठेवता येईल का, हे दोन प्रश्न विचारा. कोकणातल्या बऱ्याच सरकारी दवाखान्यांचा दिवस गाई-म्हशींत जातो. डॉक्टर जाणते असतात, पण एखादी सोय त्या ठिकाणी नसते, आणि दीड तास घाट-वळणं करून गेल्यावर ते कळणं परवडत नाही. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही लिहून ठेवा. त्यांच्या गाड्या मुख्यतः गुरांसाठी धावतात, तरी जवळचा डॉक्टर कोण हे विचारायला हरकत नाही. घरात रेंज येत नसेल तर फोनसाठी गडग्यापर्यंत धावणारा माणूस एक, कुत्र्यापाशी बसणारा दुसरा, अशी वाटणी करा.

आता मिठाचं पाणी. ते चूकच, आणि मोदकांइतकंच घातक ठरू शकलं असतं. काकांनी वाईट हेतूने सांगितलं नाही, पूर्वी हाच उपाय सगळीकडे सांगत. पण मिठाने उलटी होईलच असं नाही, आणि झाली नाही तर ते सगळं मीठ अंगात राहतं. रक्तातला सोडियम चढतो, मेंदूतलं पाणी ओढलं जातं, आणि कुत्रा झोकांड्या खात आकडीत जातो. किलोमागे २ ते ३ ग्रॅम मिठाने विषबाधेची लक्षणं येतात, ४ ग्रॅमच्या आसपास जीव जाऊ शकतो. १२ किलोच्या कुत्र्याला २४ ग्रॅम म्हणजे जेमतेम दीड मोठा चमचा. किनाऱ्यावर खेळताना समुद्राचं पाणी पिणारे कुत्रे ओकतात, हगवणीने गळतात, तेही याच मिठामुळे. त्यांना पुळणीवर नेताना गोडं पाणी सोबत न्यावं. मोहरीचं पाणी, घशात बोटं घालणं, एरंडेल, तूप, दूध, नारळाचं तेल यांतलंही काही नको. बोटांनी घसा फाटतो आणि हात चावला जातो. तेला-तुपाने विष कमी होत नाही, उलट आधीच तुपकट जेवणाने दमलेल्या पोटावर भार पडतो.

उलटी करवायचीच तर खाल्ल्यापासून दोन तासांत, आणि शक्यतो दवाखान्यात. चॉकलेट पोटात वितळून चिकट गोळा होऊन बसतं, म्हणून डॉक्टर कधी कधी ४ ते ६ तासांनंतरही उलटी करवतात; ‘आता उशीर झाला’ असं आपणच ठरवून घरी बसू नका. दवाखाना फार लांब असेल तर फोनवरचे डॉक्टर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पाजायला सांगू शकतात. ते सांगतील तरच, आणि तेव्हाही बाटली नीट वाचा. आपल्याकडे औषधाच्या दुकानात बहुधा सहा टक्क्यांची, म्हणजे २० व्हॉल्यूमची बाटली मिळते. तिच्यात तितकंच पाणी घातल्यावर ते तीन टक्के होतं. केसांना लावायचं पेरॉक्साइड तर याहूनही जहाल असू शकतं, त्याला हात लावू नका. मात्रा सहसा किलोमागे १ ते २ मिलिलिटर असते, कितीही मोठा कुत्रा असला तरी एका वेळी ४५ मिलिलिटरच्या वर नाही. बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने, थांबत थांबत. डोकं वर करून घशात ओतलं तर फेस फुप्फुसात जातो. दहा-पंधरा मिनिटांत उलटी झाली नाही तर पुन्हा फोन, स्वतःहून दुसरा डोस नाही. पेरॉक्साइड जठराच्या आवरणाला जखमा करतं, म्हणून ते हौसेने द्यायचं औषध नव्हे.

कुत्रा आधीच ओकत असेल, थरथरत असेल, गुंगीत असेल, किंवा पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर घरी उलटी अजिबात करवू नका. अशांच्या श्वासनलिकेत उलटी जाते, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया चॉकलेटपेक्षा अवघड. उलटी झालीच तर कुत्र्याला लगेच बाजूला घ्या, तो ती परत चाटून टाकतो. काडीने ढवळून बघा: किती मोदक निघाले, चांदी निघाली का. ते डॉक्टरांना सांगा.

कोळशाबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्याकडे करवंटीचा कोळसा घरोघरी असतो. दवाखान्यात देतात तो ॲक्टिव्हेटेड चारकोल. तोही बऱ्याचदा करवंटीपासूनच करतात, पण त्यावर कारखान्यात प्रक्रिया होऊन त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पडलेली असतात, आणि त्या छिद्रांत विष धरलं जातं. चुलीतला कोळसा कुटून दिला तर नुसती काळी पूड पोटात जाते. औषधाच्या दुकानातल्या गोळ्याही पुरत नाहीत: किलोमागे १ ते २ ग्रॅम लागतो, म्हणजे टिप्याला निदान १२ ग्रॅम, आणि २५० मिलिग्रॅमची गोळी असेल तर त्या ४८ होतात. डॉक्टर चारकोल काही तासांनी पुन्हा देतात, कारण थिओब्रोमिन पित्तावाटे आतड्यात परत येतं आणि पुन्हा शोषलं जातं.

न्यायलाच हवं होतं का? हिशेब ३० चा निघाला होता, म्हणून आठ वाजता फोन आणि शक्य असतं तर नऊच्या आत निघणं हे उत्तम. पण तुम्ही सांगता तसा पाऊस असेल, साकवावर पाणी चढलं असेल, तर ३० च्या आकड्याला निरोगी कुत्र्यासाठी माणसांसह गाडी संकटात घालायला आम्ही सांगणार नाही. ७५ ला मात्र सांगू: शेजारची जीप उठवा, पलीकडच्या रस्त्याने जा, पण जा. चिपळूणचा रस्ता बंद असेल तर दुसरं कुठलं गाव मोकळं आहे हे फोनवर आधी विचारून घ्या.

ज्या रात्री जाणं खरोखर शक्य नाही, त्या रात्री करण्यासारखं बरंच असतं. सर्वांत उपयोगी आणि सर्वांत सोपं म्हणजे दर तीन तासांनी कुत्र्याला पट्टा लावून लघवीला बाहेर नेणं. थिओब्रोमिन लघवीत उतरतं आणि तिथेच साचून राहिलं तर मूत्राशयाच्या आवरणातून रक्तात परत जातं. दवाखान्यात यासाठीच नळी घालतात. घरी आपण अंगणात न्यायचं, पावसात टोपडं घेऊन. प्यायला गोडं पाणी सतत समोर ठेवा, पण घोट घोट, कारण एकदम वाडगाभर प्यायला की तो ओकतो. रात्री खायला काही देऊ नका.

खोली अंधारी, पंखा चालू, टीव्ही आणि भजनाचा आवाज बंद. या द्रव्याने कुत्र्याचं अंग आतून तापतं, आणि कोकणातल्या दमट हवेत धापा टाकून ते उतरत नाही. पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू साध्या पाण्याने ओली करा, बर्फ नको. गुदद्वारातलं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं तर वेळ न घालवता निघा.

ठोके मोजायला शिका. कुत्रा कुशीवर पडलेला असताना डाव्या कोपराच्या मागे फासळ्यांवर तळहात टेकवा. १५ सेकंदांत किती लागले ते मोजून चौपट करा. टिप्याच्या आकाराच्या कुत्र्याचे शांत असताना ७० ते १२० असतात. पडून असतानाही १६० च्या वर जात असतील, किंवा मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटत असेल, तर ते घरी सांभाळायचं दुखणं राहिलं नाही. दर तासाला आकडा आणि वेळ कागदावर लिहा. हिरड्या बघा: गुलाबी, ओलसर हव्यात. पांढऱ्या, निळसर किंवा विटकरी झाल्या तर निघायचं. कातडी फडफडणं, पाय ताठ होणं, चालताना लाकडासारखं होणं ही आकडीच्या आधीची खूण.

आकडी आलीच तर तोंडात चमचा किंवा हात घालू नका, कुत्र्याची जीभ घशात जात नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही, आणि कांदा पोटात गेला तर तोही कुत्र्याला विषच. भोवतालचं सामान सरकवा, डोक्याखाली गोणपाट द्या, घड्याळ बघा. आकडी थांबली की कुशीवर ठेवून गाडीत घाला. पाच मिनिटांत थांबली नाही तर आकडी चालू असतानाच गाडीत घाला. आणि वाडीतल्या लोकांना आधीच सांगून ठेवा की याने चॉकलेट खाल्लं आहे. तोंडाला फेस आलेला, झटके देणारा गावठी कुत्रा दिसला की ‘पिसाळला’ म्हणून काठ्या निघतात. रेबीजच्या लसीचं कार्ड हाताशी असेल तर गावाला आणि डॉक्टरांना दोघांनाही खात्री पटते.

दवाखान्यात उलटी आणि चारकोलनंतर सलाईन लावतात, आकडी किंवा थरथर असेल तर डायझेपामसारखं औषध देतात, ठोके फार असतील तर ते खाली आणणारं. थिओब्रोमिनला उतारा असा नाही. शरीर ते बाहेर टाकेपर्यंत हृदय आणि मेंदू सांभाळायचे, एवढंच उपचाराचं स्वरूप, आणि वेळेत नेलेले बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. टिप्याच्या हृदयात काही कायमचं राहिलं असेल का, ही शंका पत्रात लिहिलेली नसली तरी मनात असणार: इतके दिवस तो नीट खातोय, खेळतोय, तर तसं काही राहत नाही.

बरं वाटल्यावर लगेच नैवेद्याचं ताट पुढे करू नका. ओकारी थांबून ६ ते ८ तास झाले की मऊ भात किंवा पेज, मीठ-तुपाशिवाय, थोडी थोडी. माशाचं कालवण, नारळाचा रस, मटणाची चरबी तीन-चार दिवस बंद. चॉकलेट आणि खवा दोन्हींत चरबी खूप, आणि तिच्याने एक ते तीन दिवसांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तेव्हा कुत्रा पुन्हा ओकू लागतो, अन्नाला तोंड लावत नाही, आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करून उभा राहतो. पोटदुखीची ही खूण दिसली तर चॉकलेटचं विष उतरलं असलं तरी दवाखाना गाठावाच लागतो. मोदकाची चांदी गिळली असेल तर दोन-तीन दिवस शी तपासा. दोरा किंवा फीत गुदद्वारातून लोंबताना दिसली तर ओढू नका, आतडं कापलं जातं.

दोन प्रकारांत हिशेब करतच बसायचं नाही. एक, मनुका किंवा बेदाणे घातलेलं चॉकलेट. द्राक्षं आणि मनुकांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत बंद पडतात, आणि किती मनुकांनी ते होईल याला ठरलेलं माप नाही. त्यांतल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून बरणीतला चिंचेचा गोळाही कुत्र्यापासून दूर ठेवा. दोन, ‘शुगर-फ्री’ चॉकलेट. त्यात झायलिटॉल असेल तर अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते, पुढे यकृत बिघडू शकतं. घटकांच्या यादीत हा शब्द दिसला की तडक निघा. चॉकलेटात काजू असतील तर त्यांच्यामुळे वाढते ती काळजी फक्त चरबीची.

राहिली दिवाळी. जाऊबाईंचं सामान मोदकांच्या डब्यापेक्षा कितीतरी पट धोक्याचं आहे, हे त्यांना नीट समजावून सांगा. डार्क कंपाऊंडमध्ये कोको पावडर आणि वनस्पती चरबी असते. कंपाऊंड म्हणजे नकली, म्हणून निरुपद्रवी, असं नाही. ते डार्कच्याच हिशेबात धरा. ५०० ग्रॅमची एक लादी म्हणजे अंदाजे २५०० मिलिग्रॅम थिओब्रोमिन. टिप्याने ती संपवली तर किलोमागे २०० च्या पुढे. कोको पावडरीचा १०० ग्रॅमचा डबा फोडला तरी किलोमागे १६५ च्या वर. हे दोन्ही आकडे जीव घेऊ शकणारे आहेत.

तेव्हा लाद्या आणि पावडर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, तो डबा फडताळात, फडताळाला कडी. पुठ्ठ्याचा खोका आणि प्लास्टिकचा डबा कुत्रा दातांनी फोडतो. मोदकांच्या वेळी तुमच्याकडे डबा पाटावर होता. चॉकलेटं करताना तीच चूक ओट्याच्या कडेला होते, कारण साचे थंड व्हायला ठेवून माणूस दुसऱ्या कामाला जातो. तेवढा वेळ टिप्याला अंगणात बांधा. किसताना खाली पडलेला चुरा झाडून लगेच झाकणाच्या बादलीत टाका. रोज थोडा थोडा चाटला तर साडेसतरा तासांच्या हिशेबाने आदल्या दिवसाचं अजून अंगात असतं आणि त्यावर नवं साचतं. भांडी विसळलेलं चॉकलेटी पाणी मागीलदारी उघड्यावर ओतू नका. चाकरमानी आले की त्यांच्या पिशव्या पडवीत जमिनीवर न ठेवता खुंटीला लावायला सांगा, मुलांसाठीची चॉकलेटं त्यांतच असतात.

आणि जाऊबाईंनी विकायच्या प्रत्येक पाकिटावर मिल्क की डार्क, किती ग्रॅम, मनुका आहेत की नाहीत, हे पेनाने का होईना, लिहावं. ते पाकीट ज्या घरी जाईल तिथेही एखादा टिप्या असेल, आणि त्या घरच्यांना रात्री फोनवर डॉक्टर नेमकं हेच विचारतील.